कोणाला विचारून?



1 मे सगळ्यांना पाठ आहे. आज आम्ही दुसरी तारीख सांगणार आहोत : 28 ऑगस्ट 1959. त्या दिवशी सुप्रीम कोर्टाने बाबूलाल पराते यांचे अपील फेटाळले.

त्यांची तक्रार साधी होती. 1956 च्या एप्रिलात लोकसभेत राज्य पुनर्रचनेचं बिल आलं, त्यात तीन तुकडे होते : महाराष्ट्र, गुजरात, आणि केंद्राच्या ताब्यातली मुंबई. मुंबईच्या विधानसभेचं मत घेतलं ते याच आराखड्यावर. ऑगस्टात दिल्लीने तो मोडला आणि महागुजरातासकट एकच द्वैभाषिक मुंबई राज्य आपल्या माथी मारलं. मग यावर विधानसभेला पुन्हा नको का विचारायला?

अहो, नमुना एक दाखवून मागावर कापड दुसरंच काढलं, तर शेठ आपला पगार कापतो!

कोर्ट म्हणाले, नको. राष्ट्रपतींनी एकदा मत मागवले की घटनेचे कलम 3 पुरे झाले. पुढची दुरुस्ती मूळ प्रस्तावाशी संबंधित असेल तर पुन्हा विचारणे नाही. आणि विधानसभेचे मत संसदेवर बंधनकारकही नाही. कायदा तसाच आहे, न्यायाधीशांना बोल लावून उपयोग नाही.

अमेरिकेच्या घटनेत उलट आहे. तिथे राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय त्याचा तुकडा पडत नाही. मेन हा मुलूख मॅसॅच्युसेट्स राज्यात होता, पण मध्ये न्यू हॅम्पशायर आडवे. 1812 च्या इंग्रजांशी झालेल्या लढाईत, 1814 साली, पूर्व मेन इंग्रजांनी घेतला आणि बोस्टनचे राज्यकर्ते सोडवायला गेले नाहीत. मग लोकांनी घरोबा मोडायचे ठरवले. 1819 च्या मतदानात वेगळे होण्याच्या बाजूने 17 हजारांवर मते पडली, विरुद्ध 7 हजारांवर. मॅसॅच्युसेट्सने संमती दिली.

झालं? नाही! वॉशिंग्टनला गुलाम ठेवणाऱ्या राज्यांनी पाय रोवले : मेन हवे तर मिसूरीत गुलामगिरी राहू द्या. 1820 साली मेन राज्य झाले, आणि मिसूरीतल्या काळ्या माणसांच्या बेड्या पक्क्या झाल्या. संमती कागदावर असली तरी सौदा चुकत नाही, आणि त्याचं मोल भलत्याच माणसाला द्यावं लागतं.

आपल्याकडे संमतीचा कागदच नव्हता. होते ते गिरणगाव, आणि शंभरावर हुतात्मे. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला चीत केले. निकाल कोर्टात लागला तो त्यानंतर अडीच वर्षांनी, आणि निकालानंतर आठच महिन्यांनी द्वैभाषिक मोडले! मोडले कोणत्या कलमाने? त्याच कलम 3 ने.

हे हत्यार दुधारी आहे, हेही सांगतो. आपल्या पद्मानगरातल्या तेलुगू विणकरांना विचारा. 2014 च्या जानेवारीत आंध्रच्या विधानसभेने तेलंगणाचे बिल नाकारले, तरी 2 जूनला तेलंगण झाले. तिथे विधानसभेची संमती सक्तीची असती तर त्यांचे राज्य आजही आंध्रच्या खिशात असते.

बेळगाव, निपाणी, कारवारसाठी महाराष्ट्राने 2004 साली सुप्रीम कोर्टात दावा लावला. संसदेजवळ कलम 3 मात्र 1950 पासून पडून आहे.