नकाशातले आपले शेत

शहर वाढू लागले की आपल्या शेताचे काय व्हावयाचे ते आधी कागदावर ठरते. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे नगरपालिका विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करते. त्यात रस्ता, बाग, शाळा यांची आरक्षणे पडतात. हरकत लेखी आणि मुदतीतच द्यावी लागते. आमच्या शेजारच्या कुंभाराचा आवा असाच रस्त्यात गेला. नकाशा महिनाभर टांगलेला होता. पोरांना अक्षरे शिकविणारा मी, मीही पाहावयास गेलो नाही! तेव्हा सातबारा घेऊन जा, गट नंबर शोधा, अर्जाची पोच घ्या. आणि आराखडा अंमलात येऊन १० वर्षांत जमीन घेतलीच नाही, तर कलम १२७ अन्वये मालकाला खरेदीची नोटीस देता येते.