नकटा बदक आणि ओढ्याकाठचा आंबा

मंडळी, आपल्याकडे माणसाला नकटा म्हटले तर भांडण जुंपते. पण ज्या पाखराला आपण हे नाव दिले, त्या नकटा बदकाच्या चोचीवर मात्र चांगला मोठा काळा मांसल उंचवटा असतो. विणीच्या दिवसांत तर तो आणखी फुगतो. अर्थात हा दागिना नराचा. मादीची चोच सपाट. तिच्याकडे पाहूनच कुणी तरी सगळ्या कुळाचे नाव ठेवले असावे, असे मला आपले वाटते. पाठ काळी, तिच्यावर हिरवी-जांभळी झाक, पोट पांढरे, आणि पांढऱ्या डोक्या-मानेवर शाई शिंपडावी तसे ठिपके. नर दोन किलोच्या घरात भरतो. शिकाऱ्याचा डोळा त्याच्यावर का असे, ते यावरून समजावे.

निफाडकडच्या लोकांना बदकांचे नवल सांगायला नको. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. त्याच्या मागे गाळ साठत गेला, बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पाखरांना आयता संसार मिळाला. दिवाळीच्या सुमारास तलवार बदक, थापट्या, भुवई बदक हे पाहुणे उत्तरेकडून येतात आणि उन्हे तापू लागली की परततात. पण आज मला त्यांच्याविषयी बोलायचे नाही. नकटा पाहुणा नव्हे, तो इथलाच. पावसाळा लागला की जोडीने एखादा आडवळणाचा ओढा धरतो आणि झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. हो, झाडाच्या! बदक म्हणजे पाण्याकाठच्या गवतातले पाखरू, अशी आपली समजूत. हा गडी मात्र फांदीवर पोपटासारखा बसलेला दिसतो.

तळ्यावरची शिकार आणि ओढ्यावरची शिकार यांत मोठे अंतर. तळ्यावर बंदुकांची रांग लागायची. राजस्थानातल्या भरतपूरला १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी शिकार मांडली होती, तेव्हा एका दिवसात ४,२७३ पाखरे पडली. तो आकडा तिथे दगडावर कोरून ठेवला आहे. ओढ्यावर तसला थाट नसे. तिथे एक माणूस, एक बंदूक आणि पुष्कळसा चिखल.

आमचे मामा परवानेदार शिकारी होते. त्यांच्याबरोबर पिशवी धरायला मी जात असे. ओढ्याच्या काठाकाठाने ते कधी चालत नसत. बांधाआडून, शेताच्या अंगाने जायचे आणि जिथे ओढा वळतो तिथेच हळूच काठाला यायचे. कारण बदक असते ते वळणाच्या पलीकडच्या डोहात, वरून करंजाची नाही तर जांभळाची सावली असते तिथे. वारा तोंडावर हवा, उन्हे पाठीशी हवीत. मला ताकीद असे, “गुमान बस. खोकला आला तर सदरा तोंडात कोंब.” बदक उठले की आधी झाडांच्या वर चढते, मग ओढ्याची वाट धरून उडते. चढतानाचा तो एक क्षण काय तो बंदुकीचा. छर्रा लागूनही पाखरू घाणेरीच्या जाळीत पडले की सापडत नसे. दोन पाडली तर एक हाती लागे. दुसरे कुठे तरी तडफडून मरत असणार. त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

१९६४ सालच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या मळ्यातल्या ओढ्याकाठी एक जुना गोटी आंबा होता. आम्ही वळणावर पोचतो न पोचतो तोच त्या आंब्यातून एक बदक खाली झेपावले आणि मामांनी बार काढला. मादी होती. घरी आजी पिसे काढायला बसली आणि मध्येच थांबली. पोटाखालची पिसे आधीच झडलेली, कातडी उघडी. आजी म्हणाली, “अरे, ही अंड्यावरची होती.”

दुसऱ्या दिवशी मी आंब्यावर चढलो. मोडलेल्या फांदीच्या जागी ढोली पडली होती. आत थोडा पाला, थोडी पिसे आणि हस्तिदंती रंगाची अकरा अंडी. हात लावला, तर गार. उबवायचे काम एकट्या मादीचे. नर त्यात पडत नाही. महिन्याभरात पिले निघाली असती. ढोलीत बदक असे जन्मले की एक-दोन दिवसांत आई खालून साद घालते आणि पिले उंचावरून सरळ उड्या टाकतात. अंगाने कापसासारखी, त्यामुळे त्यांना इजा होत नाही. मी खाली उतरून मामांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. पण पुढे पावसाळ्यात त्यांनी बंदूक बाहेर काढली नाही.

पुढे कायदाही आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची वाटही बंद झाली. आज बदक मारणे हा गुन्हा आहे. १९८६ साली नांदूर मध्यमेश्वरचे अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून त्याचे नाव जाहीर झाले.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. अभयारण्य झाले तेव्हा मी शाळामास्तर होतो. फळ्यावर बदकांची चित्रे काढून मुलांना शिकवीत होतो. आणि १९८८ साली द्राक्षबाग लावली, तेव्हा सावली पडते म्हणून तोच गोटी आंबा मी तोडला. माझ्या मनात ढोली आलीच नाही, असे म्हणालो तर खोटे होईल. आली होती. पण द्राक्षाचा भावही मनात होता. त्यानंतर आमच्या ओढ्यावर नकट्याची जोडी वीण घालताना मी पाहिली नाही.

अमेरिकेत ‘वुड डक’ नावाचे असेच झाडावर घर करणारे, फार देखणे बदक आहे. रानातल्या लहान ओढ्यांवर राहणारे. अतोनात शिकार आणि जुन्या झाडांची तोड यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते संपत आले. १९१८ साली तिथे त्याची शिकार थांबवली. ती १९४१ पर्यंत बंद होती. पण केवळ बंदुका थांबवून त्यांचे भागले नाही. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी पाण्याकाठी लाकडी पेट्या टांगल्या, ढोलीसारखे भोक ठेवून. बदकांनी त्या पत्करल्या. आज ते तिथे इतके वाढले आहे की ठरावीक हंगामात, ठरावीक संख्येने पुन्हा शिकार चालते. आपल्याकडे तसे व्हावे असे मला मुळीच म्हणायचे नाही. पाणी राखले आणि ढोली राखली नाही, तर झाडावरचे बदक राहत नाही, एवढेच तिथे दिसले.

गुरुजनांना एक विनंती. आषाढ-श्रावणात मुलांना घेऊन ओढ्याकाठची जुनी झाडे मोजा. कुठल्या झाडाला ढोली आहे, ती कशाने पडली, आत-बाहेर कोण करते, हे लांब बसून वहीत लिहायला लावा. झाडावर मात्र कुणाला चढू देऊ नका. मादी बिचकली तर अंडी सोडून जाते. आणि वही भरली की ती झाडांच्या मालकाला नेऊन दाखवा. बहुधा तो वर्गातल्याच कुणाचा तरी बाप असेल.

गेल्या पावसात आमच्या शेजाऱ्याच्या जांभळावर नकट्याची जोडी दोन दिवस बसली होती. शेजारी मला म्हणाला, “मास्तर, हे जांभूळ यंदा काढायचं म्हणत होतो.” मी त्याला पाखरे दाखवली. त्याने बराच वेळ पाहिले आणि झाड ठेवले. तिसऱ्या दिवशी जोडी निघून गेली. जांभूळ पंचवीस वर्षांचे आहे. त्याला अजून ढोली पडलेली नाही.