पांडे महालाचा इतिहास शोधताना



भंडारा शहरातील पांडे महाल ठाऊक नाही असा भंडारेकर विरळाच. ज्या घराण्याच्या नावाने ही वास्तू ओळखली जाते, त्याचा लौकिकही सर्वश्रुत आहे. तथापि अशा जुन्या वास्तूसमोर उभा राहून एखादा शाळकरी मुलगा ‘ही कोणी आणि केव्हा बांधली?’ असे विचारतो, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या मुखातून बहुधा ‘भोसल्यांच्या काळी’ एवढेच उत्तर येते. भोसल्यांचा काळ म्हणजे नागपूरच्या गादीची शंभराहून अधिक वर्षे. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निवर्तले आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. एवढ्या मोठ्या गाठोड्यात कोणतेही घर बांधता येते!

शोध घेणाऱ्यास पहिला चकवा ‘महाल’ हा शब्दच देतो. मराठी अमलात महाल म्हणजे परगण्याचा पोटविभाग. इंग्रजी बंदोबस्तात महाल म्हणजे सारा भरणारी मिळकत. जुन्या दप्तरात ‘अमुक यांचा महाल’ असे शब्द आढळले, म्हणून तेथे दगड-विटांचा वाडा होताच असे ठरत नाही. ती कदाचित शेतसाऱ्याची बाब असेल.

दुसरा चकवा सनावळीचा, आणि तो व्यापारी मंडळींना चटकन कळेल. समजा, एका कागदावर नुसताच १८८० हा आकडा आहे. तो विक्रम संवत असेल तर इसवी सन १८२३-२४ येते, शालिवाहन शक असेल तर १९५८-५९. अंतर तब्बल १३५ वर्षांचे! फसली सनात तर ५९० मिळवावे लागतात. फसली १२३३ हा आकडा कोणी इसवी सन म्हणून वाचला, तर वाडा थेट देवगिरीच्या यादवांच्या काळात जाऊन बसेल.

छापील साधने आहेत. लॉरेन्स यांचा भंडारा जिल्ह्याचा बंदोबस्त अहवाल १८६७ चा, ग्रँट यांचे मध्य प्रांताचे गॅझेटिअर १८७० चे आणि रसेल यांनी संपादिलेले जिल्हा गॅझेटिअर १९०८ चे. जमीन, गावे आणि मालगुजारी यांविषयी ती मोलाची आहेत. पण साहेबांचे लक्ष साऱ्यावर होते, कोणाच्या घराच्या पायाभरणीवर नव्हे. वास्तू स्वतःही साक्ष देते. जिल्ह्यात रेल्वे आली ती १८८० च्या दशकात. तुळईच्या जागी कारखान्याचे नाव कोरलेली लोखंडी गर्डर दिसली, तर तेवढे काम बहुधा त्यानंतरचे. मात्र ती मागाहून दुरुस्तीत बसविलेली नाही, हे पाहणे आवश्यक ठरते.

खरी साक्ष मिळण्याची जागा निराळी आहे. मोठा वाडा उभा राहतो तेव्हा सागवान, चुना, विटा, सुतार-गवंड्यांची मजुरी आणि वास्तुशांतीच्या आहेराचे कापड, या साऱ्याचे पैसे कोठून तरी निघतात आणि कोणाकडे तरी पोचतात. घराण्याच्या दप्तरात खर्ची पडलेली रक्कम गावातील एखाद्या पेढीच्या रोजमेळात जमा असणारच. एकट्या घराण्याचा कागद स्तुतीने फुगलेला असू शकतो, एकट्या दुकानाची वही त्रोटक असते. दोन्हीकडील तिथी व रक्कम जुळली की वर्ष पक्के झाले. उधारी वसूल करण्यासाठी लिहिणाऱ्या मुनीमजींना कोणाचा कुलवृत्तान्त सजवायचा नव्हता, म्हणून त्यांचा शब्द अधिक भरवशाचा.

अशा वह्या माळ्यावर पडून आहेत, तेथे त्यांना वाळवी लागते. दरवर्षी दिवाळीच्या झाडलोटीत कित्येक रद्दीत जातात, कारण नव्या पिढीला मोडी वा महाजनी अक्षर लागत नाही. लाल कापडाची बांधणी असलेली जुनी वही हाती आली, तर लिपी जाणणाऱ्या व्यक्तीस ती आधी दाखवावी, पहिल्या पानावरील संवत व पेढीचे नाव टिपून घ्यावे, आणि मगच तिचे काय करायचे ते ठरवावे.