बांधावरचा चारा: मेंढीला काय घालायचं, काय नाही

हेडफोन लावून मेंढरांमागं चालत असाल तर चालत राहा, पण आजचा भाग नीट ऐका. यात माझी एक चूक आहे, आणि ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून सांगतोय.

आपल्या सातारा-सांगलीची गंमत बघा. कराड, वाळवा, पलूसला ऊस. तासगाव, मिरजेकडं द्राक्षं. सोयाबीन, हरभऱ्याची मळणी झाली की भुस्कटाचे ढीग. आणि मेंढरं कुठं? माण, खटाव, जत. ती पोपटनाकी माडग्याळ मेंढी तर जतचीच. म्हणजे चारा एकीकडं आणि खाणारी तोंडं दुसरीकडं. उन्हाळ्यात रान उघडं पडलं की टेम्पो घेऊन हे सगळं गोळा करायची वेळ येते.

आता हिशेब. 30 किलोच्या मेंढीला दिवसाला साधारण एक किलो कोरडा आहार लागतो. उसाचं वाढं हिरवंगार दिसतं, पण त्यात 70 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. तीन किलो वाढं घातलं तरी पोटात कोरडं किलोभरसुद्धा जात नाही. शिवाय त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं. म्हणून नुसत्या वाढ्यावर मेंढरं ठेवू नका. कुट्टी करा, चुन्याची निवळी शिंपडा आणि सोबत डाळवर्गातलं भुस्कट द्या. तूर, हरभरा, सोयाबीन, यांच्यात कडब्यापेक्षा प्रथिनं जास्त. भुईमुगाचा वाळला पाला तर सगळ्यात सरस. फक्त बुरशी आलेला असेल तर सरळ फेकून द्या. आणि पाचट म्हणजे वाढं नव्हे बरं का! कोरड्या पाचटावर मेंढी जगत नाही.

आता माझी चूक. ऑक्टोबर छाटणीला पाहुण्यांच्या द्राक्षबागेत पाल्याचा ढीग पडला होता. फुकटचा चारा म्हणून टेम्पो भरला. मेंढरांनी चाटूनपुसून खाल्ला. मग आणखी दोन खेपा केल्या. तीनेक आठवडे मजेत गेले. एका सकाळी गाभण मेंढी उठेना. डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. डॉक्टरांनी आल्या आल्या एकच विचारलं, "बागेला बोर्डो मारलं होतं का?"

मारलं होतं. पावसाळाभर. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचूद म्हणजे तांबं. शेळी तांबं बरंच सोसते, मेंढी नाही. तिच्या यकृतात ते गुपचूप साठत राहतं, बाहेरून काहीच दिसत नाही. मग एखाद्या ताणाला ते एकदम रक्तात उतरतं आणि तांबड्या पेशी फुटायला लागतात. तोवर उशीर झालेला असतो. आमची मेंढी त्याच संध्याकाळी गेली, पोटातल्या कोकरासकट.

तेव्हापासून मी बागेतला पाला उचलायच्या आधी मालकाला दोन प्रश्न विचारतो: काय फवारलं, आणि कधी? बोर्डो म्हटलं की टेम्पो रिकामा परत. एक पाऊस झाला, धुऊन गेलं असेल, असली समजूत काढायची नाही. आणि गाईचं मिनरल मिक्श्चर मेंढीला घालत असाल तर आजच थांबवा. त्यातही तांबं असतं. मेंढीचं वेगळं मिळतं.

शेवटचं एक. कुठलाही नवा चारा एकदम बदलू नका. जुन्यात थोडा थोडा मिसळत दहा-पंधरा दिवसांत वाढवा. मेंढीच्या पोटातल्या जिवाणूंनाही सवय लागावी लागते.

फुकट मिळालेला चारा वाईट नसतो, मंडळी. पण तो कुठनं आला, हे मेंढी विचारत नाही. ते आपणच विचारायचं. तुमच्याकडं कळपाला काय घालता, ते व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात. राम राम!