पालिकेची वही उघडी हवी

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



'खुली विदा' हा शब्द ऐकून मागच्या रांगेतल्या दोघीजणी हसल्या. मलाही तो परकाच वाटतो. म्हणून मी शिलाई मशीनपासून सुरुवात करते.

महिला व बालकल्याणासाठी ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले दहा टक्के आणि नगरपालिकेनं पाच टक्के खर्चायचे असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी काम करते त्या गावात नगरपालिका आहे. तिथं आम्ही विचारलं, हे पैसे कुठं जातात? उत्तर आलं, 'मशिनी वाटल्या.' कुणाला? दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. तीस दिवस उलटले, अपील केलं, तेव्हा कुठं पानाला दोन रुपये मोजून गठ्ठा हातात आला. हातानं लिहिलेल्या याद्यांच्या पुसट झेरॉक्स! बचत गटातल्या बायकांनी चार दुपारी बसून ती नावं वहीत उतरवली, वॉर्डाप्रमाणे मांडली. वस्तीच्या दोन वॉर्डांत एकही मशीन गेलेलं नव्हतं. एका बाईचं नाव लागोपाठ दोन वर्षं होतं. ती म्हणाली, "अगं ताई, मशीन कसलं? मी तर अर्जसुद्धा केला नव्हता."

त्या चार दुपारी म्हणजे चार दिवसांची मजुरी. ती कुणी भरून द्यायची?

खरं तर 2005 च्या कायद्याचं कलम 4 सांगतं, की अंदाजपत्रक आणि अनुदानाच्या योजनांचे लाभार्थी ही माहिती कार्यालयानं आपणहून जाहीर करावी, म्हणजे लोकांना अर्ज करायची वेळच कमी येईल. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेनं 1994 पासून जनसुनवाया घेतल्या. हजेरीपट गावासमोर मोठ्यानं वाचले, तेव्हा कामावर न आलेल्यांच्या नावे उचललेली मजुरी उघडी पडली. 2019 मध्ये त्याच राज्यानं 'जन सूचना' पोर्टल सुरू केलं. मधली पंचवीस वर्षं लोकांच्या रेट्याची आहेत, कुणा साहेबाच्या कृपेची नव्हेत.

आता मागायचं काय? माहिती वॉर्डनिहाय हवी आणि बाई-पुरुष वेगळे हवेत. मुंबईत 2011 मध्ये 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली, ती अशाच मोजणीतून पुढं गेली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे, हे मांडून दाखवता आलं. नुसता 'शौचालये इतकी' हा आकडा असता तर ते कधीच दिसलं नसतं. दुसरं, कागदाचा फोटो चढवून भागत नाही. बेरीज करता येईल असा तक्ता हवा, आणि मराठीत. तो दर तीन महिन्यांनी अद्ययावत करण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसावर हवी. आणि तोच तक्ता कार्यालयाच्या भिंतीवरही लागला पाहिजे. घरातला मोबाइल बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो, हे मी तुम्हाला काय सांगू!

एक धोका मात्र आहे. सगळंच उघडं नको. मारहाणीची तक्रार करणाऱ्या बाईचं नाव-पत्ता, कुणाचा आजार, आधार क्रमांक हे झाकलेलंच राहिलं पाहिजे. पण 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातली वैयक्तिक माहितीची तरतूद आवळली आहे. त्यामुळे 'बायकांची खासगी बाब' म्हणत ठेकेदाराचं बिलही झाकायला ते कमी करणार नाहीत. काय झाकायचं, हे धोरणातच लिहून घ्या.

पालिकेत हा ठराव नगरसेविकांनी मांडायचा. निम्म्या जागा आपल्या आहेत, त्या मशिनी वाटताना फोटो काढण्यापुरत्या नाहीत. गावात ग्रामसभेआधीच्या महिला सभेतून तो पुढं न्यायचा. मसुदा माझ्या पिशवीत आहे. जेवणाच्या सुट्टीत प्रत येऊन घ्या आणि तुमच्या वॉर्डाला काय जोडायचंय ते मागच्या कोऱ्या बाजूवर लिहा.