कर्नलला विचारा, ‘आत्ता काय चाललंय?’

सिंदी मेघेहून बोलतोय. आजचा भाग तुमच्या खिशातल्या फोनच्या अगदी आतल्या थराबद्दल, म्हणजे कर्नलबद्दल.

अँड्रॉइड फोनचा गाभा म्हणजे लिनक्स कर्नल. तुम्ही स्क्रीनला बोट लावलं की त्याच्या पोटात ढिगाने फंक्शन्स धावतात. फोन अडखळला, तर वेळ नेमका कुठे गेला? अंदाजाने नाही सांगता येत. त्यासाठी कोणतं फंक्शन कधी सुरू झालं याची नोंद लागते. स्टीव्हन रोस्टेड यांनी त्यासाठी ‘एफट्रेस’ केलं. ते २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीत आलं.

युक्ती साधी आहे. कर्नल कम्पाइल करताना जीसीसी कम्पायलरला एक पर्याय दिला, की तो फंक्शनच्या सुरुवातीला एक छोटा कॉल घालतो: ‘मी सुरू झालो.’ पण कर्नलमध्ये हजारो फंक्शन्स. कुणी बघत नसतानाही प्रत्येकाने हाक मारत बसायचं, तर सगळंच मंदावणार.

मग काय करायचं? वावरातलं ठिबक आठवा. नळीला तोट्या आधीच बसवलेल्या असतात, पण नको तिथे बूच. एफट्रेस तेच करतं. कॉलच्या जागी ‘काहीच करू नको’ अशी सूचना लिहून ठेवतं. तुम्ही ट्रेसिंग चालू केलं, की त्या जागी पुन्हा कॉल. म्हणजे चालता कर्नल स्वतःचाच कोड बदलतो. आणि खरी जोखीम इथेच आहे.

२.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांची इंटेलची नेटवर्क कार्डं अचानक मरायला लागली. कार्डाच्या स्वतःच्या कायमच्या मेमरीतच बिघाड, त्यामुळे मशीन रीस्टार्ट करूनही उपयोग नाही. संशय अर्थातच कार्डाच्या ‘ई१०००ई’ ड्रायव्हरवर गेला. कारण निघालं एफट्रेस!

झालं असं. तेव्हा एफट्रेस फंक्शन पहिल्यांदा धावलं की त्याचा पत्ता टिपून ठेवायचं आणि बूच नंतर बसवायचं. पण काही कोड सुरुवातीपुरताच असतो. काम झालं की त्याची जागा मोकळी करून दुसऱ्याला देतात. जुना सातबारा घेऊन वावरात नांगर घालायला जावं, आणि जमीन केव्हाच दुसऱ्याच्या नावावर झालेली असावी, तसं हे. तो नवा मालक निघाला नेटवर्क कार्ड.

एफट्रेस आंधळेपणाने लिहीत होतं असंही नाही बरं का. ‘इथे जुनाच कोड असेल तरच बदल’ अशी प्रोसेसरची सूचना ते वापरायचं. पण ती सूचना तुलना जुळली नाही तरी आधीचाच आकडा परत लिहिते. साध्या मेमरीत त्याने काही बिघडत नाही. कार्डाच्या मेमरीत मात्र तेवढंही लिहिणं महागात पडलं. ऑक्टोबर २००८ मध्ये २.६.२७.१ आवृत्तीत हा भाग बंदच करून टाकला.

पुढच्या २.६.२८ मध्ये रीत बदलली. पत्त्यांची यादी आता कम्पाइल होतानाच तयार होते. बुचं बूट होताना सुरुवातीलाच बसतात. मॉड्यूल निघून गेलं की त्याचे पत्तेही यादीतून जातात. लिहिण्याआधी तिथे काय आहे ते वाचून पाहिलं जातं. अपेक्षेपेक्षा वेगळं दिसलं, तर एफट्रेस इशारा देऊन स्वतःच थांबतं.

मला यातली मोठी गोष्ट ही वाटते: बघणाऱ्याने बघितलं जाणाऱ्याला धक्का लावायचा नाही. तपासणीचं साधन बनवणाऱ्यावर जबाबदारी जास्त, कारण बिघाड झाला की संशय भलत्यावरच जातो.

आता करून बघा. अँड्रॉइड ९ किंवा पुढचा फोन असेल, तर बहुतेकांत डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘सिस्टम ट्रेसिंग’ सापडेल. रेकॉर्ड करा आणि ती फाइल कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये ‘परफेटो’वर उघडा. कोणतं काम कोणत्या कोअरवर किती वेळ चाललं ते दिसेल. कर्नलकडची ही माहिती एफट्रेसच्याच यंत्रणेतून येते. आणि लिनक्सचा लॅपटॉप असेल, तर रूट होऊन सिस-कर्नल-ट्रेसिंग या फोल्डरमध्ये डोकवा. फक्त आधी फिल्टर लावून एक-दोनच फंक्शन्स निवडा, नाहीतर नोंदींचा पूर येईल.

काय दिसलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!