घर हा एकट्याचा विषय नाही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



"वास्तुकलेच्या मुलांना शिकवतोस म्हणजे नेमकं काय करतोस?" असं सकाळपासून पाच-सहा जणांनी विचारलं. म्हणून त्यावरच दोन शब्द बोलतो.

कर्जत-खालापुरात कुठेही बघा, स्लॅबच्या घरावर काही वर्षांत पत्र्याची शेड चढते. आराखडा काढणाऱ्याने सपाट छप्पर दाखवलं, लोखंडाचा हिशेब करणाऱ्याने वजन पाहिलं, नळवाला आणि वायरमन नंतर येऊन भोकं पाडून गेले. प्रत्येकाचं काम बरोबर, पण घर गळकं! कारण पाऊस कोणाच्याच विषयात नव्हता. कारवीचा कूड, शेणमातीचा लेप, उतरती कौलं आणि पुढे पडवी अशी घरं बांधणारे आपले आजोबा हा सगळा विचार एकदमच करत होते. कॉलेजात तो वेगवेगळ्या शाखांत वाटला गेला.

तो पुन्हा एकत्र आणायचा, तर निरनिराळ्या शाखांच्या मुलांना मिळून एकच घर करायला लावावं लागतं. २०१४ साली फ्रान्समध्ये व्हर्साय इथे 'सोलर डेकॅथ्लॉन युरोप' ही स्पर्धा झाली. सूर्याच्या ऊर्जेवर चालणारं घर विद्यार्थ्यांनी स्वतः उभारायचं आणि दहा कसोट्यांवर ते तपासलं जायचं. आयआयटी मुंबई आणि रचना संसदेच्या अकॅडमी ऑफ आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांचा 'टीम शून्य' हा त्यात उतरलेला भारताचा पहिला संघ. पुढे आपल्या देशातही 'सोलर डेकॅथ्लॉन इंडिया' सुरू झाली.

अशा कामात छपराचा उतार नुसता दिसण्यावर ठरत नाही. पॅनेलला ऊन हवं, सांगाड्याला वजन पेलायला हवं, आत उकडायला नको. वास्तुकलेच्या मुलाने एक रेघ हलवली की इलेक्ट्रिकलच्या मुलीचं गणित बदलतं. मग दोघांना एका टेबलावर बसून वाद मिटवावा लागतो. खरं शिक्षण तिथे होतं.

आपल्या भागात हा प्रश्न विजेपुरता नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आपलीच माणसं गेली. पुढे चौकजवळ नवी घरं झाली. पण घर कुठे बांधायचं, हा प्रश्न भिंतीच्या आधीचा आहे. तो सोडवायला भूगर्भशास्त्र शिकणारा हवा, पाण्याची वाट ओळखणारा हवा, रस्त्याचा अभियंता हवा. आणि ज्याचं शेत, देव, जंगल वर डोंगरावर आहे तो ठाकर आजोबाही तितकाच हवा. यातला एक जरी वगळला, तरी कागदावरची सुंदर वाडी चुकीच्या जागी उभी राहील.

म्हणून एक विनंती. आपल्या तुकडीत कंत्राटदार आहेत, वायरमन आहेत, शेतकरी आहेत, नर्सताईही आहेत. विद्यार्थ्यांचा एखादा गट आपल्या गावात आला तर त्यांना नुसता चहा पाजून पाठवू नका. त्यांची चित्रं बघा, चुका दाखवा. आणि मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर पहिला अभ्यास आपल्या शाळेच्या जुन्या इमारतीचाच करू. येत्या पावसाळ्यात कुठल्या वर्गात बादली ठेवावी लागते, हे आपल्या शिपाईमामांइतकं कोणाला ठाऊक आहे? सुरुवात त्यांना विचारून करू.